यादीत नसलेला सर्व्हर

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आधी दुरुस्ती. गेल्या मंगळवारी, ११ तारखेला, मी या वहीत लिहिलं होतं: ‘तपासणी केंद्राच्या सर्व्हरवर बॅकअपचा क्लायंट बसवला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काम पूर्ण.’ हे चूक आहे. चार वाजून दहा मिनिटांनी माझं टाइप करणं पूर्ण झालं. क्लायंट बसलेला नाही. त्याच्या फाइली सर्व्हरवर जाऊन पडल्या आहेत, एवढंच. जुनं वाक्य खोडलेलं नाही. आईने शिकवलं तशी त्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी आजची तारीख घातली आहे.

खरं काय झालं ते क्रमाने लिहिते. आज इतका राग आला आहे की क्रम सोडला तर मी काहीही लिहीन.

या सर्व्हरमध्ये आसपासच्या गावांतल्या सहा हजार बायकांच्या छातीच्या तपासणीचे फोटो आहेत, अकरा वर्षांचे. ते काढणारी ओडेट मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती की यंदाचा फोटो एकटा काही सांगत नाही. तो गेल्या वेळच्या फोटोशेजारी लावायचा आणि काय बदललं ते पाहायचं. जुना फोटो गेला तर नवा निम्मा गेला. या फोटोंची दुसरी प्रत आजवर माझा ज्येष्ठ सहकारी लॉर्न टेपवर काढायचा. आता टेपचं यंत्र मोडीत निघणार, म्हणून रुग्णालयाच्या एकतीसही सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तोच क्लायंट. तो रोज संध्याकाळी दिवसभराचं नवं सगळं मुख्य बॅकअपकडे पाठवतो.

तपासणी केंद्राच्या सर्व्हरला खिडक्या नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर कमांड. आमच्याकडे अशा वेळी एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. टाइप करणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही. लॉर्न वाचत होता: स्लॅश, क्यू, एन, मोकळी जागा. शेवटचा शब्द होता ‘नो-रीस्टार्ट’. तो मुद्दाम घातला होता, कारण बाहेर सात बायका बसल्या होत्या. ओडेटने दारातून डोकं घालून बजावलं होतं, “मध्येच मशीन बंद पडलं तर एकीला पुन्हा फोटोच्या यंत्राच्या पाट्यांत छाती दाबून उभं करावं लागेल. मग तिला मी तुमच्याकडेच पाठवीन, तुम्ही समजवा.”

एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही. असं गुपचूप बसवलं की ते काही बोलत नाही, आपणच विचारावं लागतं. मी विचारलं. उत्तर आलं, ३०१०. शून्य आलं असतं तर सगळं झालं. ३०१० म्हणजे झालं, पण सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर. तोवर क्लायंट झोपलेला.

अशा प्रत्येक कामानंतर भरायच्या फॉर्मवर निकालाच्या रकान्यात दोनच पर्याय आहेत, यशस्वी आणि अयशस्वी. मी ‘यशस्वी’ निवडलं आणि शेऱ्यात ‘रीस्टार्ट बाकी’ लिहायला लागले. आमचा साहेब केंडल मागे उभा होता. शेरा लिहिला की विनिपेगच्या मुख्यालयातून प्रश्न येतात, रीस्टार्ट तर या शनिवार-रविवारी होणारच आहे, असं तो म्हणाला. लॉर्न म्हणाला, लिहून ठेव पोरी. मी नाही लिहिलं. साहेबाचं ऐकलं.

तो शनिवार-रविवार आला आणि गेला.

तेव्हापासून रोज सकाळी बॅकअपचा अहवाल येतो आणि तो रिकामा असतो. त्यात फक्त बिघाड झालेल्या सर्व्हरची नावं येतात. रिकामा म्हणजे उत्तम, आणि केंडल तो हिरव्या रंगात बैठकीत दाखवतो. आज मी बिघाडाची यादी सोडून सगळ्याच नावांची यादी उघडली. तीस नावं. तीनदा मोजली. आमचा सर्व्हर यादीतच नाही. तो अजून जागा होऊन ‘मी आलो’ म्हणालेलाच नाही, मग त्याचा बिघाड कोण कळवणार?

पंधरा वर्षांची होईपर्यंत माझं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हतं. घरच्या टेबलाशी आई शिकवायची. त्यामुळे मी एकाही शाळेत कधी नापास झाले नाही. हे तसंच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

केंडलला सांगितलं. लेखी सांगणार होते, पण तो म्हणाला की लेखी नको, बोल.

बोलले. एक रीस्टार्ट, वीस मिनिटं, बस. त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या, आणि तिन्ही ऐकताना माझे कान तापत होते. पहिली, त्याने १४ तारखेलाच विनिपेगला कळवलं आहे की एकतीसपैकी एकतीस झाले. दुसरी, १५ तारखेपासून मार्चअखेरची बंदी लागली आहे. वर्षाचे हिशेब बंद होईपर्यंत, म्हणजे १५ एप्रिलपर्यंत, कुठल्याही सर्व्हरला हात लावायचा नाही. तिसरी, माझा फॉर्म बंद झालेला आहे. यशस्वी म्हणून बंद झालेला फॉर्म पुन्हा उघडत नाही. नवा भरावा लागतो, आणि बंदीत नवा फॉर्म आपोआप परत येतो.

मी म्हटलं, पण ते यशस्वी नाही.

“तिर्झा,” तो म्हणाला, “फॉर्मवर यशस्वी कोणी लिहिलं?”

“मी.”

“मग? आता स्वतःलाच खोटं ठरवतेस?”

वर हसला. अकरा वर्षांत त्या मशीनला काय धाड भरली आहे, असंही म्हणाला. घरी आल्यावर मी न बोललेली सगळी वाक्यं जिन्यात उभी राहून बोलले. शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाहेर उणे एकतीस अंश. काल इंजिन रात्रभर गरम ठेवणारा गाडीचा प्लग लावायला विसरले, सकाळी गाडी उठली नाही. स्वतःवर चिडण्यात तास गेला.

आईचा फोन आला. तिला हल्ली काय झालं आहे कळत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारते, “तुमच्या त्या मशीनमध्ये दोन वर्षांपूर्वीचे फोटो असतात का गं अजून?”

मी म्हटलं, पेशंटबद्दल मला बोलता येत नाही.

“पेशंटबद्दल कोण विचारतंय? मी मशीनबद्दल विचारते.”

“असतात.”

“नीट आहेत?”

आता काय सांगणार? खोटं सांगायचं नाही आणि खरं सांगायची परवानगी नाही. “आज आहेत,” म्हटलं. आई गप्प झाली. लहानपणी मी गणिताचं उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिली की ती अशीच गप्प व्हायची. ती अजूनही माझी परीक्षा घेते. एकोणतीस वर्षांची झाले मी.

मग म्हणाली की बुधवारी, १९ मार्चला, तिला विनिपेगला सोडशील का. बाबांना त्या दिवशी बियाण्यांच्या बैठकीला जायचं आहे. कसली तरी अपॉइंटमेंट आहे म्हणाली. चष्मा बदलायचा असणार, मागे म्हणत होती. मी सांगितलं की बुधवारी माझी समितीची बैठक असते, बहिणीला, नाओमीला विचार. बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज लॉर्नवर भडकले. तोंडावर नाही, मनातल्या मनात.

हा माणूस त्रेसष्ट वर्षांचा आहे, या सर्व्हरना त्यानेच लहानाचं मोठं केलं, आणि आता सगळ्यांतून अंग काढून घेतो आहे. रोज दुपारी दोनला डबा घेऊन तळघरात जातो तो चारला वर येतो. खिशात सूर्यफुलाच्या बिया असतात. खाली बसून फोडत असणार. मी त्याला केंडलचं सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, “हं.”

मी म्हटलं, हं काय?

“हं म्हणजे ऐकलं.”

मग जाता जाता, जणू हवामान सांगतो आहे, तसं म्हणाला की त्या सर्व्हरच्या आठ डिस्कपैकी एकीचा दिवा पिवळा झाला आहे. एक गेली तर मशीन तग धरतं. दुसरी गेली तर सगळे फोटो गेले. नवी डिस्क मागवली आहे का, मी विचारलं. मागवली आहे, पण ती बसवायलाही फॉर्म लागतो.

म्हणजे अकरा वर्षांत काही झालं नव्हतं ते आता व्हायला लागलं आहे, आणि हा माणूस बिया खायला तळघरात जातो.

सोमवार, ३ मार्च

पत्र आलं. टेपचं यंत्र नेणारा ट्रक सोमवारी, १७ मार्चला, सकाळी नऊ वाजता येणार. केंडलने ते पत्र सूचनाफलकावर लावलं आणि शेजारी टाळ्यांचं चित्र चिकटवलं. सतरा मार्च ते पंधरा एप्रिल, चार आठवड्यांहून जास्त, त्या फोटोंची वाचता येईल अशी दुसरी प्रत जगात कुठेच नसेल. आणि ते ज्या कागदाच्या जोरावर, त्यावर माझी सही आहे.

जेवायला ओडेटजवळ बसले. हे माहीत असणं हा तिचा हक्क आहे असं वाटलं, म्हणून सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, “कधी रीस्टार्ट करायचं ते सांग, मी बायकांना तारीख बदलून देते. माझ्याकडून अडचण नाही.” मी म्हटलं, अडचण तुझ्याकडून नाहीच.

मग तिने एक प्रकरण सांगितलं. नाव नाही, गाव नाही. एकीच्या यंदाच्या फोटोत बारीक ठिपका आहे. तो आधीपासून असेल तर सोडून द्यायचा. नवा असेल तर लगेच शस्त्रक्रिया. १९ तारखेला विनिपेगचे डॉक्टर दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी लावून ठरवणार, आणि त्यांचा पडदा तो फोटो थेट आमच्याच सर्व्हरवरून उघडतो.

ओडेट माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. “तू ठीक आहेस ना? घरी सगळे बरे आहेत ना?” मी म्हटलं, घरच्यांना काय झालं आहे, इथलंच बघ. ती बाई कोण हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. सर्व्हरवर मला फक्त आकडे दिसतात, नावं उघडायची नाहीत असा नियम आहे, आणि रुग्णालयातल्या सगळ्या नियमांत मला पटणारा तेवढा एकच उरला आहे.

त्या बाईचं काय होत असेल हे मात्र डोक्यातून जात नाही. तिला कोणी सोबत तरी आहे का?

बुधवार, ५ मार्च

बदल समिती, म्हणजे तातडी असेल तर बंदीतही सर्व्हरला हात लावायची परवानगी देणारी. दर विषयाला चार मिनिटं. माझा विषय अकरावा होता. मी दोन दिवस तयारी केली होती, ३०१०चा छापील अर्थ नेला होता, तीस नावांची यादी नेली होती, पिवळ्या दिव्याचा फोटो नेला होता.

विनिपेगच्या अध्यक्षबाई पडद्यावर होत्या. त्यांनी विचारलं, सर्व्हर आत्ता चालू आहे का? चालू आहे. बॅकअपच्या अहवालात बिघाड आहे का? नाही, पण त्याचं कारणच— वेळ संपली. “चालू मशीनला तातडी लागत नाही,” असं म्हणून त्या बाराव्या विषयाकडे गेल्या. बारावा विषय प्रिंटरचा होता.

केंडल शेजारी बसला होता. तोंडातून चकार शब्द नाही. बाहेर आल्यावर म्हणतो, “छान मांडलंस.” माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी त्याच्या टेबलावर जरा जोरात ठेवली. आयुष्यात मी केलेलं हे सर्वांत उद्धट कृत्य असावं. त्याने ती उचलून मला परत दिली.

संध्याकाळी लॉर्नला हे सांगितलं तर तो म्हणाला, “त्यांना बंद मशीनच हवं असेल तर बंद पाडू या. वायर काढायची, मग तातडी, मग फॉर्म, मग आपणच येऊन लावायची.” मी म्हटलं, ते खोटं होईल. “होईल,” तो म्हणाला, “पण खोटं बोलून मशीन चालू होईल. इथे खरं बोलून बंद पडायची पाळी आलीये.” मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. मी हे करणार नाही. एक खोटा रकाना पुरे झाला.

सोमवार, १० मार्च

दुसरी दुरुस्ती, आणि ही लिहिताना लाज वाटते. २५ फेब्रुवारीची लॉर्नबद्दलची नोंद चूक आहे.

आज दोन वाजता मी त्याच्या मागोमाग तळघरात गेले. चार शब्द सुनावायचेच असं ठरवून गेले होते. तो टेपच्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर डबा, डब्यात कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, आणि यंत्रात टेप फिरत होती.

१४ फेब्रुवारीला त्याला टेप बंद करण्याचा हुकूम मिळाला होता. त्याने एक दिवसही बंद केलेली नाही. इतर तीस सर्व्हर त्याने सोडून दिले, फक्त आमचा एक. रोजची नवी भर, दोन तास. यंत्र म्हातारं आहे, मध्येच टेप अडकते, म्हणून समोर बसून राहावं लागतं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

“तुला सांगितलं असतं तर तू लिहून ठेवलं असतंस.”

हे खरं आहे. इतकं खरं आहे की मी त्याच्यावर रागावूच शकले नाही, आणि गेल्या तीन आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं. त्याने डब्यातला एक मुटका माझ्यापुढे केला. थंड होता. खाल्ला.

त्याची बायको आमच्याकडे तपासणीला यायची, असं तो यंत्राकडे बघत म्हणाला. एवढंच.

बुधवार, १२ मार्च

दोन दिवस आम्ही दोघं हिशेब करतो आहोत. लिहून काढते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी रागाच्या भरात काहीतरी केलं. राग आहे. पण हे रागाच्या भरात नाही.

रीस्टार्टलाही धोका आहे, हे मी आधी धरलंच नव्हतं. सर्व्हर ६४१ दिवस अखंड चालू आहे. इतक्या जुन्या डिस्क एकदा थांबल्या की पुन्हा फिरतीलच याची खात्री नाही. न फिरल्या तर फोटो घालवणारी मी ठरेन, केंडल नव्हे. म्हणून आधी सगळ्या फोटोंची पूर्ण टेप हवी, रोजची भर पुरत नाही. पूर्ण टेपला सुमारे बावीस तास लागतात. केंद्र शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होतं, तेव्हा सुरू केली तर शनिवारी दुपारी संपेल. शनिवारी उरलेल्या वेळात ती टेप वाचून बघायची. रविवारी रीस्टार्ट. मशीन उठलं नाही तर तळघरात लॉर्नने जपून ठेवलेला एक जुना सर्व्हर आहे, त्यावर टेप उतरवायची. ते टेपच्या यंत्राशिवाय होत नाही, आणि यंत्र सोमवारी नऊला जाणार. रविवारी सकाळी सातला सुरुवात केली तर हातात सव्वीस तास राहतात. आठवडाभर आधी करायला हवं होतं. आठवडाभर नंतर करता येणार नाही.

रविवारी काम. आमच्या घरात रविवार देवाचा, त्या दिवशी तुटलेलं बटणसुद्धा शिवत नाहीत.

आणि परवानगीशिवाय. याची शिक्षा नोकरी जाणं. नियमपुस्तिकेचं चौदावं पान, मी पाचदा वाचलं. लॉर्न म्हणाला, एंटर मी दाबतो, मला जूनमध्ये निवृत्तच व्हायचं आहे. मी नाही म्हटलं. कमांड मी टाइप केली होती.

गुरुवार, १३ मार्च

आईला फोन करून सांगितलं की या रविवारी चर्चला येणार नाही, जेवायलाही नाही, कामाला जायचं आहे. बोलणी खायची तयारी ठेवूनच फोन केला होता. लहानपणी रविवारी मी पाढे म्हटले म्हणून हिने मला पायरीवर बसवलं होतं.

तिने विचारलं, “त्या मशीनचं काम?”

“हो.”

मग म्हणाली, “जा. लवकर जा. आणि घाई करू नकोस, हात थरथरत असतील तर आधी थांब.”

मी चक्रावले. मग चिडले. एकोणतीस वर्षं जो नियम देवाचा होता तो आता एका फोनवर सुटतो? मी तसं बोललेसुद्धा. ती म्हणाली, “तिर्झा, मला वाद घालायचा नाही गं आज.” आवाज थकलेला वाटला. वय होतंय तिचं. नाओमीला तिने १९ तारखेबद्दल अजून विचारलेलं नाही म्हणे, कोणाला त्रास द्यायचा नाही, बसने जाईन म्हणते. चष्म्यासाठी एवढ्या थंडीत बस. हट्टी आहे. मी म्हटलं, सोमवारी माझी नोकरी राहिली नाही तर बुधवारी मीच सोडीन तुला. मी चेष्टेत म्हटलं. ती हसली नाही, बरं म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

आज केंडलला सांगितलं. लपवून करणं मला जमणार नव्हतं. लॉर्न म्हणाला होता की रविवारी सहा पंचावन्नला त्याला चिठ्ठी पाठव. पण ते सांगणं नव्हे, ते सांगितल्याचं नाटक.

केंडल कोट चढवत होता. दारात बर्फावर मासे पकडायची त्याची बादली आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट ठेवलं होतं. मी दार लावून घेतलं आणि पाठ केलेलं म्हटलं: तपासणी केंद्राचा सर्व्हर मी रविवारी सकाळी सातला रीस्टार्ट करणार आहे. आधी पूर्ण प्रत काढलेली असेल. ओडेट हजर असेल. तातडीच्या बदलाचा फॉर्म मी भरला आहे, त्यात खरं कारण लिहिलं आहे, तो सोमवारी सकाळी विनिपेगला जाईल. तुम्हाला थांबवायचं असेल तर आत्ता थांबवा. माझं प्रवेशाचं कार्ड घ्या.

मी कार्ड टेबलावर ठेवलं.

त्याने कार्डाकडे बघितलं. मग खिडकीबाहेर. मग म्हणाला, “मी भावाबरोबर तळ्यावर चाललोय. तिथे फोन लागत नाही. रविवारी रात्री येईन.”

मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत का मी काय म्हणाले ते?

“यंदा बर्फ अजून जाड आहे,” तो म्हणाला. “दोन फूट. मार्चच्या मध्यात असं क्वचित असतं. सोमवारी जे असेल ते बघू. चांगलं असलं तरी बघू, वाईट असलं तरी बघू.” आणि बादली उचलून गेला.

माझ्या संतापाला सीमा राहिली नाही. मी माझी नोकरी याच्या टेबलावर काढून ठेवते आणि हा मला बर्फाची जाडी सांगतो. इतका निष्काळजी माणूस मी पाहिला नाही. कार्डसुद्धा घ्यायला विसरला. मी पाच मिनिटं थांबले, मग ते मीच उचललं.

लॉर्नला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “पोरी, तो विसरला नाही,” म्हणाला. मग काय केलं त्याने, मी विचारलं. “काही नाही केलं. तेच तर केलं.” मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी टेप सुरू झाली.

शनिवार, १५ मार्च

टेप चार वाजून वीस मिनिटांनी संपली. लॉर्नने ती पुन्हा यंत्रात घातली. ओडेटने वेगवेगळ्या वर्षांतले कुठलेही दहा आकडे निवडले आणि आम्ही ते दहा फोटो टेपवरून जुन्या सर्व्हरवर उतरवले. तिने एकेक उघडून बघितला. पडदा तिच्याकडे वळवलेला होता, मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. नऊ झाल्यावर ती म्हणाली की दहावा मला बदलून हवा, दोन वर्षांपूर्वीचा एक ठरावीक बघायचा आहे. तिने स्वतः आकडा टाइप केला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “आहे. स्वच्छ उघडतोय.” आणि जाताना उगाचच मला मिठी मारली. तिचा कोट बर्फाने ओला होता.

बाकीच्या सात डिस्कचे दिवे अजून हिरवे आहेत. पहिलीचा पिवळा दिवा तसाच.

फॉर्म पुन्हा वाचला. ‘निकाल’ रिकामा ठेवला आहे, तो उद्या जे होईल ते पाहून भरीन. ‘परवानगी देणाऱ्याचं नाव’ हाही रकाना रिकामा आहे. तो मात्र तसाच राहील. ‘जबाबदार व्यक्ती’ इथे माझं पूर्ण नाव आहे.

कमांड कागदावर लिहिली आहे, एकच ओळ. लॉर्न वाचेल, मी टाइप करीन, कागदाकडे न बघता. ओडेट तिच्या खोलीत बसेल. गाडीचा प्लग लावला आहे.

रविवार, १६ मार्च, सकाळी सात. लॉर्न कागद हातात घेऊन उभा आहे, मी वही मिटून टाइप करायला बसते.